रेक्सहॅमची स्थापना १८७३ ची नव्हे, १८६४ ची

वेल्समधल्या रेक्सहॅम फुटबॉल क्लबचा जन्म १८७३ चा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. खुद्द क्लबच्या बोधचिन्हावर तेच साल असल्याने कुणी शंका घ्यायचं कारणच नव्हतं. पण ते चूक आहे. क्लब सुरू झाला ऑक्टोबर १८६४ मध्ये. गावातल्या क्रिकेट क्लबच्या मंडळींना हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवं होतं. मैदानाला खेटून असलेल्या टर्फ हॉटेलात ते जमले आणि फुटबॉल सुरू करायचं ठरलं. २२ ऑक्टोबरला रेसकोर्स मैदानावर पहिला सामनाही झाला, तोही प्रिन्स ऑफ वेल्स फायर ब्रिगेडच्या जवानांशी! आजही क्लबचं घरचं मैदान तेच.

हे सगळं त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांत छापलेलं होतं. जुने अंक चाळल्यावर ते पुढे आलं आणि २०१२ मध्ये बोधचिन्हावर १८६४ आलं.

नऊ वर्षांचा फरक किरकोळ अजिबात नाही. वेल्सची फुटबॉल संघटना स्थापन झाली १८७६ मध्ये, म्हणजे रेक्सहॅमनंतर तब्बल बारा वर्षांनी. इंग्लंडच्या संघटनेने नियम ठरवले तेही १८६३ मध्ये, जेमतेम वर्षभर आधी.