टेस्ट पास झाली की ब्रिटनमध्ये गाडीच्या विम्याचा दर एवढा का वर उडतो, त्यामागची जुनी गोष्ट

पोरगी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली. सकाळी एल प्लेट लावलेल्या गाडीत मी तिच्या बाजूला बसून होतो, दुपारी तिच्या हातात पास सर्टिफिकेट आणि संध्याकाळी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून विम्याचे कोट, म्हणजे कंपन्या सांगतात ते दर, काढायला बसलो. लर्नर असताना जो विमा काही महिन्यांसाठी परवडेल असा मिळाला होता, त्याच पोरीचा, त्याच गाडीचा, त्याच रस्त्यावरचा आकडा आता चार आकडी. ती म्हणाली, "बाबा, काल मला येत नव्हतं तेव्हा स्वस्त होतं, आज परीक्षकाने येतं म्हणून लिहून दिलं तर महाग?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

छोटं उत्तर आधी देतो. लर्नरच्या बाजूला कायद्याने किमान २१ वर्षांचा आणि ३ वर्षं लायसन्स असलेला माणूस बसावा लागतो. विमा कंपनी तो स्वस्त दर लर्नरला देत नसते, ती बाजूला बसलेल्या माणसाला देत असते. पास झाल्या क्षणी तो माणूस गाडीतून उतरतो आणि त्या सीटवर बहुतेक वेळा दुसरा सतरा वर्षांचा मित्र येऊन बसतो. एवढाच फरक, पण आकडे बघणाऱ्याला तो सगळ्यात मोठा फरक वाटतो.

आता मागे जाऊ. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटर कार अॅक्टने लायसन्स आणलं, पाच शिलिंग भरले की मिळायचं, टेस्ट वगैरे काही नाही, वय १७ पाहिजे एवढंच. विमा ऐच्छिक होता आणि तो काढायचे कोण, तर ज्यांच्याकडे मोटर होती ते पैसेवाले लोक, तेही मुख्यतः स्वतःची महागडी गाडी वाचवायला. लॉइड्स या लंडनच्या विमाबाजारातले लोक तर सुरुवातीला जहाजाच्या पॉलिसीच्या कागदावरच मोटरचा विमा लिहायचे, म्हणजे गाडी म्हणजे जमिनीवर चालणारं जहाज असं धरून. कोण चालवतो, त्याचं वय काय, किती वर्षं चालवतोय, याच्यापेक्षा गाडी केवढ्याची हे मोठं.

पहिल्या महायुद्धानंतर गाड्या स्वस्त झाल्या आणि रस्त्यावर माणसं मरायला लागली. पायी जाणाऱ्याला कोणी उडवलं तर तो कोर्टात केस जिंकायचा, पण उडवणाऱ्याकडे द्यायला पैसेच नसायचे, मग जिंकून उपयोग काय. त्यातून १९३० चा रोड ट्रॅफिक अॅक्ट आला आणि १ जानेवारी १९३१ पासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. आता गंमत बघा, कायद्याने विमा घ्याच असं सांगितलं, पण किती किमतीला ते कुठेच सांगितलं नाही. किंमत कंपन्यांवर सोडली. माझ्या मते नव्या ड्रायव्हरची आजची सगळी रडारड या एका जोडणीतून येते. घेणं सक्तीचं आणि दर मोकळा. पुढचं जे जे झालं ते याच्यावर चढत गेलेले थर आहेत.

आणि लक्षात घ्या, विमा सक्तीचा झाला तेव्हा टेस्ट नव्हतीच! त्याच १९३० च्या कायद्याने मोटारींची स्पीड लिमिट पण काढून टाकली होती. १९३४ साली रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली, आजच्या तुलनेत किरकोळ गाड्या असताना. मग त्यावेळचे वाहतूक मंत्री लेस्ली होर-बेलिशा यांच्या काळात वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा आली आणि टेस्टही आली. मार्च १९३५ पासून ऐच्छिक, १ जून १९३५ पासून सक्तीची, पण फक्त ज्यांनी १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवायला सुरुवात केली त्यांना. आधीचे सगळे सुटले, ते आयुष्यभर टेस्ट न देता चालवत राहिले. फी साडेसात शिलिंग. टेस्ट सेंटर नव्हती, परीक्षक उमेदवाराला रेल्वे स्टेशन, बाग नाहीतर टाऊन हॉलसमोर भेटायचे. पहिल्या काळात साधारण ६३ टक्के लोक पास व्हायचे, आज निम्मे झाले तरी खूप, म्हणजे टेस्ट तेव्हापेक्षा कितीतरी कडक झालीय.

बरं ही टेस्ट मधे बंदही पडली. दुसऱ्या महायुद्धात १९३९ ते १९४६, आणि १९५६ च्या सुएझ कालव्याच्या भानगडीत पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा परीक्षक कूपनच्या कामाला लावले आणि लर्नरना एकट्याने गाडी चालवायची परवानगी दिली. एकट्याने! आज माझ्या पोरीला हे सांगितलं तर तिला पटत नाही.

मग विम्याचे दर ठरायचे कसे, तर बराच काळ कंपन्यांचं आपसात ठरलेलं होतं. अॅक्सिडेंट ऑफिसेस असोसिएशन नावाची संघटना होती, तिच्या सभासद कंपन्या एकच दरपत्रक पाळायच्या, त्याला टॅरिफ म्हणायचे. तरुण किंवा नवख्याला जास्त मोजावं लागायचं ते तेव्हाही, पण भाव ठरलेल्या खणांत बसायचे, त्यामुळे नवख्याचा थोडा भार जुन्यांच्या अंगावर जायचा, कोणाला कळायचंही नाही. टॅरिफच्या बाहेरच्या कंपन्या मात्र दर पाडून गिऱ्हाईक ओढायला लागल्या. त्यातली फायर ऑटो अँड मरीन ही एमिल सवुंद्राची कंपनी १९६६ ला बुडाली आणि सुमारे चार लाख गाडीवाले रस्त्यावर विम्याविना उभे राहिले. १९६८ च्या शेवटी टॅरिफ संपलं. मार्च १९७१ मध्ये व्हेइकल अँड जनरल बुडाली, ती तर आणखी मोठी, दहा लाखाच्या आसपास लोकांच्या पॉलिसी एका झटक्यात कागद झाल्या. त्यानंतर १९७५ ला पॉलिसीधारकांच्या संरक्षणाचा कायदा आला. उरलेल्या कंपन्या मात्र यातून एक धडा शिकल्या की रिस्कचा बरोबर हिशोब न करता स्वस्त विकणारा मरतो.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. १९३० च्या कायद्यात गाडीत बसलेल्या पॅसेंजरचा विमा सक्तीचा नव्हता! बाहेरचा माणूस कव्हर, आत बसलेला मित्र नाही. हे बदललं १९७१ च्या कायद्याने, १ डिसेंबर १९७२ पासून. नव्या ड्रायव्हरसाठी हा बदल फार मोठा आहे, कारण सतरा-अठरा वर्षांची पोरं एकटी फिरत नाहीत, शुक्रवारी रात्री चार जण कोंबून निघतात. पन्नाशीतला माणूस सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये खांबाला घासतो, त्याचा क्लेम बंपरचा. अठरा वर्षांचा रात्री अकराला गावाबाहेरच्या वळणावर गाडी झाडात घालतो, त्याचा क्लेम चार तरुण शरीरांचा. आणि ब्रिटनमध्ये शारीरिक इजेच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही, कोर्ट जेवढी ठरवेल तेवढी.

इथे जरा थांबतो, कारण खरा पैसा इथे आहे. समजा विशीतल्या मुलाला मेंदूला मार लागला आणि पुढची ५० वर्षं त्याला वर्षाला १०,००० पाउंडाची देखभाल लागणार आहे (खरा खर्च याच्या कितीतरी पट असतो, हिशोब सोपा व्हावा म्हणून हा आकडा). कोर्ट त्याला एकरकमी देताना असं धरतं की हे पैसे गुंतवून त्याला काही परतावा मिळेल, तेवढी रक्कम कमी करून देतं. त्या दराला ओग्डेन रेट म्हणतात. तो बरीच वर्षं २.५ टक्के होता, त्याने ही रक्कम साधारण २ लाख ८४ हजार येते. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो एकदम उणे ०.७५ केला. तोच मुलगा, तीच इजा, आता रक्कम ६ लाख ९ हजार. दुपटीपेक्षा जास्त! अपघात एकही वाढला नाही. ज्यांचे क्लेम असे जन्मभराचे असण्याची शक्यता जास्त त्यांच्या प्रीमियमवर हे सगळ्यात आधी येणार हे उघड आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ऑगस्ट २०१९ ला तो उणे ०.२५ केला आणि जानेवारी २०२५ पासून अधिक ०.५, म्हणजे थोडा परत खाली आला तो भार.

टॅरिफ गेलं तरी दुकानदारी जुनीच होती, ब्रोकर, फॉर्म, पोस्ट. १९८५ ला डायरेक्ट लाइन सुरू झाली, फोनवर थेट विमा, मधे ब्रोकर नाही, समोर कॉम्प्युटर. कॉम्प्युटर आला म्हणजे पोस्टकोड, नोकरी, गाडीचा ग्रुप (गाडीच्या रिस्कचा क्रमांक, बरीच वर्षं १ ते ५० असे, पोरं ग्रुप १-२ वाल्या छोट्या गाड्या शोधत असतात ते याच्यामुळे) असं सगळं क्षणात गुणून भागून आकडा देता यायला लागला. २००२ मध्ये कन्फ्यूज्ड डॉट कॉम आली आणि शंभर कंपन्यांचे कोट एकाच पानावर दिसायला लागले. लोकांना वाटलं आता सगळ्यांना स्वस्त. चाळिशीतल्या, दहा वर्षं नो क्लेमवाल्याला, म्हणजे एकही क्लेम न केलेल्याला, झालंही. पण कमी रिस्कवाला जर दहा पाउंड वाचवायला पळून जाणार असेल तर त्याच्यावर नवख्याचा भार टाकता येत नाही, मग नवख्याने स्वतःचा पूर्ण भार स्वतः उचलायचा. पुन्हा त्याचा नो क्लेम शून्य, म्हणजे चांगला आहे का वाईट हे सांगायला कागदच नाही, म्हणून तो सगळ्या नवख्यांच्या सरासरीत मोजला जातो.

मुलींचं वेगळं होतं. त्यांचे अपघात कमी आणि हलके म्हणून त्यांना बऱ्यापैकी स्वस्त मिळायचं, बायकांसाठी खास कंपन्या होत्या. मग बेल्जियमच्या एका ग्राहक संघटनेच्या केसमध्ये युरोपियन कोर्टाने १ मार्च २०११ ला निकाल दिला की स्त्री-पुरुष पाहून दर लावायचा नाही, आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ते लागू झालं. वयावर दर लावायला मात्र अजून परवानगी आहे, आकडेवारी दाखवता आली पाहिजे एवढंच. हे मला आजही पचत नाही. मुलगी आहे म्हणून सूट नाही पण सतरा वर्षांची आहे म्हणून दंड चालतो.

साधारण त्याच काळात ब्लॅक बॉक्स पसरला, म्हणजे गाडी कशी चालवता याची नोंद ठेवणारी, गाडीत बसवायची डबी. नॉर्विच युनियनने २००६ मध्ये जेवढं चालवाल तेवढं भरा अशी पॉलिसी आणली होती, बॉक्स महाग पडला आणि २००८ ला गुंडाळली. २०१० नंतर नव्या छोट्या कंपन्यांनी तीच कल्पना फक्त नव्या ड्रायव्हरसाठी उचलली आणि ती चालली, कारण चाळिशीतल्या माणसाला शंभर पाउंड वाचवायला कोणी आपल्यावर पाळत ठेवलेली नको असते, पण हजार वाचत असतील तर अठरा वर्षांचा तयार होतो. ब्रेक किती जोरात दाबला, वळणावर किती वेग, रात्री किती वाजता बाहेर, सगळं नोंद. म्हणजे तो बाजूला बसलेला बाप परत आला, डबीच्या रूपात.

आईबापांची एक जुनी युक्ती आहे, गाडी आपल्या नावावर, मेन ड्रायव्हर आपण, पोरगं नुसतं नेम्ड ड्रायव्हर. खरंच आपण जास्त चालवत असू तर ठीक, नाहीतर त्याला फ्रंटिंग म्हणतात आणि तो सरळ फ्रॉड आहे, क्लेमच्या वेळी पकडतात. आणि विमा न काढता चालवायचं म्हटलं तर ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. १९९५ च्या न्यू ड्रायव्हर्स अॅक्टप्रमाणे (जून १९९७ पासून लागू) पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द, परत प्रोव्हिजनल म्हणजे लर्नरचं लायसन्स, परत थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही टेस्ट. म्हणजे एकदा पकडले गेलात की संपलं.

सगळ्यावर टॅक्स राहिला. विमा प्रीमियम टॅक्स ऑक्टोबर १९९४ ला २.५ टक्क्यांनी सुरू झाला, जून २०१७ पासून १२ टक्के आहे. तो प्रीमियमवर लागतो, म्हणजे मूळ प्रीमियम १६०० असेल त्याने १९२ पाउंड टॅक्स भरायचा आणि ४०० असेल त्याने ४८, रस्ता दोघांचा तोच. हा हिशोब मी पोरीला कागदावर करून दाखवला तर ती म्हणाली मग मी तुझ्यापेक्षा चौपट नागरिक झाले का. मला काही सुचलं नाही. बॉक्स बसवायला माणूस गुरुवारी येतोय.