गरम झाल्यावर गाडी बंद पडते: पेट्रोल लॉक की कॉइल?

एप्रिल उजाडला की सुरू होतं. कुणाची तरी प्रीमियर पद्मिनी नाहीतर जुनी कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर असलेली) मारुती ८०० घाटात बंद पडते, तो बिचारा विचारतो काय झालं असेल, आणि सगळे एका सुरात सांगतात की पेट्रोल लॉक झालंय, इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाक, वीस मिनिटं थांब, चालू होईल. तो टाकतो, थांबतो, गाडी चालू होते, आणि सगळ्यांची खात्री पटते की पेट्रोल लॉकच होतं. पुढच्या आठवड्यात गाडी परत बंद. मग पंप बदला, पंपातला पडदा म्हणजे डायफ्राम बदला, पाइपला फॉइल गुंडाळा, इलेक्ट्रिक पंप लावा. हे बघून बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच गाड्यांची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीचा करंट पुरवणारा भाग, गेलेली असते आणि पेट्रोलचा काही संबंधच नसतो.

पेट्रोल लॉक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, कुणी व्हेपर लॉक म्हणतं, कुणी एअर लॉक. पंप इंजिनवर बसलेला, टाकी मागे, म्हणजे पंपाला पेट्रोल लांबून ओढावं लागतं. ओढताना पाइपमधलं प्रेशर कमी होतं आणि कमी प्रेशरला पेट्रोल लवकर उकळतं. पेट्रोलचे हलके घटक तसेही ४० डिग्रीच्या आसपास उकळायला लागतात. पंपात वाफ भरली की पंप वाफच ढकलत बसतो, कार्बोरेटरला काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत पेट्रोल होतं. झालं, एवढंच.

कॉइलचं मात्र नीट समजून घ्या. कॉइलच्या आत बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात, आणि वेढ्यांमध्ये इन्सुलेशन. कॉइल जुनी झाली की थंड असताना ते इन्सुलेशन कसंबसं टिकतं, पण तासभर गाडी चालून कॉइल तापली की आतल्या आत शॉर्ट होतं, किंवा आत एखादी तार तुटत आलेली असेल तर उष्णतेने ती जागा सुटते. प्लगला करंट जात नाही, गाडी बंद. आणि वीस मिनिटांनी कॉइल थंड झाली की सगळं परत जागेवर!

म्हणजे दोन्ही आजार गरम झाल्यावर येतात, दोन्ही थांबल्यावर जातात, दोन्ही उन्हाळ्यात आणि चढावर जास्त होतात. लोक इथेच फसतात. थांबल्यावर गाडी चालू झाली यावरून काहीही सिद्ध होत नाही, फडकं टाकल्यावर चालू झाली यावरूनही नाही, कारण फडकं भिजवेपर्यंत बॉनेट उघडं असतं आणि कॉइलही तेवढ्या वेळात निवते. फडक्याची युक्ती वाईट नाही, मी ती एका टॅक्सीवाल्याकडूनच शिकलो आणि अजून वापरतो. पण तो इलाज आहे, तपासणी नाही, आणि तपासणीच्या आधी इलाज केलात की तपासायला काही उरतच नाही.

म्हणून तपासायचं ते गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच. पहिली पाच मिनिटं सोन्यासारखी असतात, ती पाण्यात घालवू नका.

आधी पेट्रोल बघा. चावी बंद करा, आसपास कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला लांब पाठवा, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रोटलची दांडी (ॲक्सिलरेटर दाबल्यावर हलते ती) हाताने झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. एकदाच दिसून चालत नाही, उरलेलं थोडंसं असू शकतं, तीन-चार वेळा ओढून बघा. दर वेळी पिचकारी आली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे, मग पेट्रोल लॉकने गाडी बंद पडलीय हे म्हणणं सोडून द्या. घसा कोरडा असेल तर पेट्रोलकडचाच घोटाळा आहे. घरी गाडी ठणठणीत असताना ही पिचकारी एकदा बघून ठेवा, म्हणजे रस्त्यावर शंका राहणार नाही.

मग करंट. एअर क्लीनर परत लावा, पेट्रोलची वाफ उघडी असताना ठिणगी काढायची नाही. एका प्लगची वायर काढून त्यात डिकीतला जादा प्लग खोचा, प्लगची बॉडी ब्लॉकच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, टक टक आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी आली किंवा आलीच नाही तर आजार इकडचा. सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) आणि त्यांना जोडलेला कंडेन्सरही बघायचे कारण कंडेन्सर गरम झाल्यावर असाच दगा देतो, पण मी आधी कॉइल बदलून बघतो. दोन-तीन वायरींचं काम. थंड कॉइल लावल्या लावल्या गाडी उठली, तीसुद्धा बाकी इंजिन तापलेलंच असताना, तर चोर सापडला.

गाडी कशी मेली त्यावरूनही अंदाज येतो. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपायला वेळ लागतो, म्हणून पेट्रोल लॉकमध्ये गाडी आधी दम सोडते, धक्के खाते, मग बंद पडते. कॉइल बऱ्याचदा चावी फिरवल्यासारखी एकदम बंद करते. पण फक्त यावर विसंबू नका, कॉइल जाताना आधी मिसिंगही करते, म्हणजे मधे मधे ठिणगी चुकवते. बाकी पेट्रोलचा वास, सेल्फचा आवाज, पंप हाताला किती गरम लागतो, यात फार अर्थ नाही. टाकीचं झाकण मात्र उघडून बघा, फस्स करून हवा आत गेली तर झाकणाचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्युम होतोय.

आता माझ्या गाडीचं सांगतो. ८८ ची पद्मिनी, १०८९ सीसी, कसारा घाटात तीन वेळा बंद पडली. त्याआधी एका गॅरेजने दोन पंप बदलले होते. तिसऱ्या वेळी मामा सोबत होते, बाटली घेऊन खाली उतरले, म्हणाले, "अरे पंपावर पाणी मार आधी." म्हटलं मामा, थांबा, तुम्ही फक्त सेल्फ मारा. प्लग ब्लॉकला टेकवला, एक पिवळा धागा दिसला आणि मग काहीच नाही. पिचकारी मात्र चारही वेळा मस्त. घरी येऊन कॉइल पुसली तर अंगावर छापलेलं, बाहेरचा रेझिस्टर लावूनच वापरा. माझ्या गाडीत करंट आवरणारा तो रेझिस्टर नाहीच! कुणीतरी आधी चुकीची कॉइल बसवली होती आणि ती गेली कित्येक वर्षं जास्त करंट खाऊन तापत होती.

हे घरी मीटरनेही कळतं. रेझिस्टर नसलेल्या १२ व्होल्टच्या गाडीला प्रायमरी (बॅटरीचा करंट जातो ते वेढे) साधारण ३ ओहमची असलेली कॉइल लागते, रेझिस्टरवाली दीडच्या आसपास असते. पण थंड कॉइल मीटरवर बरोबर आली म्हणून ती चांगली, असं कृपा करून कुणाला सांगू नका, ती गरम झाल्यावरच फसते. आणि गरम कॉइलचा आकडा थोडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला सुमारे ०.४ टक्के वाढतोच, ३ ओहमची कॉइल ८० डिग्रीला साडेतीनच्या वर दाखवणार.

अजून एक, गाडी थंड व्हायची वाट बघताना गाणी ऐकायला चावी ऑन ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत करंट वाहतो, म्हणजे थंड करायला थांबलात आणि तापवत बसलात. आणि तपासल्याशिवाय इलेक्ट्रिक पंप लावायच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. चाचणीने पेट्रोल लॉक ठरलं तरी आधी पाइप कुठून जातो ते बघा.

कॉइल बदलल्यावर पुढच्या मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी धक्के खात बंद पडली. ठिणगी निळी, घसा कोरडा ठक्क, चारदा ओढून एक थेंब नाही. तेव्हा मी स्वतः फडकं भिजवून पंपावर टाकलं, आणि घरी येऊन बघितलं तर पंप काढ-घाल करताना पेट्रोलचा पाइप वाकून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या, बोटभर अंतरावर आला होता. क्लिप लावून तो लांब केला.