गिधाडं मोजणारी माणसं

गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की बघता बघता आभाळातून गिधाडं उतरायची. हे पाहिलेली माणसं आता चाळिशीपुढची.

राजस्थानातल्या भरतपूरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजत होते. जोड्या साडेतीनशेच्या आसपास भरल्या. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तर निम्म्याहून जास्त घरटी गायब. उरलेले पक्षी फांदीवर मान टाकून बसलेले. १८८३ साली मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेचं मला सर्वांत मोल वाटतं ते या मोजदादीमुळे. ती नसती, तर ‘हल्ली गिधाडं दिसत नाहीत’ एवढंच आपण म्हणत राहिलो असतो.

आधी संशय साथीच्या रोगाचा होता. मेलेलं गिधाड फाडून पाहिलं की आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसे. तो युरिक आम्लाचा. पक्षी शरीरातलं नको असलेलं नत्र या आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात; मूत्रपिंडं निकामी झाली की ते रक्तात साचतं आणि अवयवांवर बसतं. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण उघड झालं: डायक्लोफिनॅक, गुरांच्या सुजेवर टोचायचं स्वस्त औषध. इंजेक्शननंतर जनावर लगेच दगावलं, तर औषध मांसात राहतं. गिधाडं जेवतात पंगतीनं, त्यामुळे शंभरात एखादं ढोर तसं निघालं तरी पुरे होतं. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी ही तूट कशी भरून काढणार? १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारी एक उरली.

गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. मेलोक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्यायही मिळाला. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या. अखेर २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरची करावी लागली.

हरयाणात पिंजोरला सोसायटीचं प्रजनन केंद्र आहे. गिधाडांना घालायच्या बकऱ्या तिथे आधी काही दिवस सांभाळतात, अंगात औषध असलंच तर उतरून जावं म्हणून. जोडीचं पहिलं अंडं काढून यंत्रात उबवलं, तर मादी काही आठवड्यांत दुसरं घालते. तिथली काही गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचच्या रानात सोडली. ती कुठे जातात, हे पाठीवरच्या ट्रान्समीटरवरून पाहिलं जाऊ लागलं.