राहिलेल्या कामांची वही संगणकात कशी आली

मुंबईत फोर्टमधील वकिलांच्या कचेऱ्यांत अजूनही जाडजूड डायरी दिसते. संध्याकाळी कारकून झालेल्या कामावर रेघ मारतो आणि राहिलेले काम पुढच्या तारखेच्या पानावर स्वतःच्या हाताने उतरवून घेतो. संगणकावरील कामांच्या यादीचा इतिहास बऱ्याच अंशी हे उतरवून घेणे कसे टळले, याचाच आहे.

डॉस या जुन्या संगणक-प्रणालीवर एका वेळी एकच प्रोग्राम चालत असे. १९८४ साली आलेला बोर्लंड कंपनीचा साइडकिक हा प्रोग्राम मात्र मेमरीत दबा धरून बसे आणि ठरावीक कळा दाबताच चालू कामावर आपली टाचणवही किंवा कॅलेंडर उघडून दाखवी. पत्रव्यवहाराशी त्याचा काही संबंध नव्हता. तो सांधा खऱ्या अर्थाने जुळला तो मायक्रोसॉफ्टच्या १९९७च्या आउटलुक या प्रोग्राममध्ये, जिथे ईमेल, भेटीगाठी, पत्ते आणि कामे एकाच खिडकीत आली. सामान्य ग्राहकाला मुंबईत इंटरनेट मिळू लागले होते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे टपालपेटी आणि कामांची वही इथल्या कचेऱ्यांत जवळपास जोडीनेच शिरली. मुदत टळलेले काम या यादीत लाल अक्षरांत तसेच राही. कारकुनाचे उतरवणे संपले.

माझ्या मते त्याहून मोठा बदल आउटलुकच्या २००७च्या आवृत्तीत झाला. कामे बहुधा ईमेलमधूनच अंगावर येतात आणि ती पुन्हा टंकण्याचा उत्साह कोणाला नसतो. आता ईमेलला खूण म्हणून लावलेला झेंडाच तारखेसह कामांच्या यादीत दिसू लागला.

वेगवेगळ्या प्रोग्रामांना एकमेकांच्या नोंदी कळाव्यात म्हणून १९९८ साली आयकॅलेंडर हे मानक ठरले. त्यात भेटीसाठी 'व्हीइव्हेंट' आणि कामासाठी 'व्हीटूडू' असे दोन स्वतंत्र साचे आहेत. पहिला सर्वांनी उचलला, कारण बैठकीचे निमंत्रण दुसऱ्याकडे पोहोचावेच लागते. दुसऱ्याकडे अनेकांनी काणाडोळा केला. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामला जोडायचे लाइटनिंग हे कॅलेंडर तो साचा पाळत असे, पण तेही मूळ प्रोग्रामसोबत मिळू लागले २०१५ साली.

स्मरणसूचनेची मेख वेगळीच आहे. डेस्कटॉपवर ती वाजते ती प्रोग्राम चालू असेल तरच. एका जुलैत पावसाने लोकल ठप्प झाल्या आणि दोन दिवस मी घरीच अडकलो; तिसऱ्या दिवशी कचेरीत संगणक सुरू करताच सगळ्या सूचना एकदम उसळल्या, आणि त्यांत मुदत कालच संपलेल्या अर्जाचीही होती.