ख्रिस्ती श्रद्धा आणि जादूटोणा

ख्रिस्ती धर्मात जादूटोण्याला मनाई आहे हे बहुतेकांना माहितीये, पण जादू नेमकं कशाला म्हणायचं यावर शेकडो वर्षं वाद चाललाय. प्रार्थना म्हणजे देवाकडे मागणं आणि जादू म्हणजे मंत्राच्या जोरावर हवं ते घडवून आणणं, ही नेहमीची व्याख्या. जुनी हस्तलिखितं बघितली की ती टिकत नाही, कारण शब्द बऱ्याचदा तेच असतात, ते कोण म्हणतंय आणि चर्चची त्याला मान्यता आहे का यावरच सगळं ठरतं.

बायबलच्या नव्या करारात शोमरोनचा जादूगार शिमोन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य पैसे देऊन विकत मागतो आणि येशूचा शिष्य पेत्र त्याला झिडकारतो. इफिस शहरात येशूवर विश्वास ठेवलेल्यांनी मंत्रतंत्राची पुस्तकं आणून जाळली, त्यांची किंमत चांदीची ५०,००० नाणी भरली. पुढे लावदिकीयाच्या धर्मसभेने (चौथं शतक, बहुधा ३६३-६४) पाद्र्यांनी जादूगार किंवा ज्योतिषी होऊ नये, ताईत बनवू नयेत असा नियम केला. नियम पाद्र्यांसाठी होता हे महत्त्वाचं, म्हणजे ताईत लिहून देणारे लोक चर्चच्या आतलेच होते. इजिप्तमधे प्रभूची प्रार्थना लिहिलेले पपायरसचे ताईत सापडलेत ते याच जगातले.

सगळ्यात जास्त चर्चा झालीये ती साटोर चौकोनाची. रोटास, ओपेरा, टेनेट, अरेपो, साटोर हे पाच लॅटिन शब्द एकाखाली एक लिहिले की २५ अक्षरांचा चौकोन होतो, आडवा उभा सुलटा उलटा कसाही वाचा, तेच शब्द येतात. १९२६ मधे फेलिक्स ग्रोसर यांनी दाखवलं की मधला 'एन' सामाईक धरून याच अक्षरांतून 'पाटेर नोस्टेर' ('आमच्या पित्या', प्रभूच्या प्रार्थनेचे लॅटिनमधले पहिले शब्द) दोनदा क्रुसाच्या आकारात लिहिता येतं आणि उरतात दोन 'ए' नि दोन 'ओ', म्हणजे आल्फा आणि ओमेगा, ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं, ख्रिस्ती लोकांत देवाची खूण. झालं, हा छळाच्या काळातला ख्रिस्ती गुप्त संकेत असं बरेच जण मानायला लागले. पण तोच चौकोन इटलीतल्या पाँपेईतही मिळाला, आणि पाँपेई ७९ सालीच ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं. तेव्हाचे ख्रिस्ती प्रार्थना करायचे बहुतेक ग्रीकमधे, आणि आल्फा-ओमेगा ज्यात येतं ते बायबलमधलं प्रकटीकरणाचं पुस्तक साधारण ९५ च्या आसपासचं धरतात. त्यामुळे मूळ हा नुसता शब्दखेळ असावा आणि ख्रिस्ती लोकांनी तो नंतर आपलासा केला, हे मत जास्त पटतं. अरेपो या शब्दाचा अर्थ अजून कुणाला खात्रीने लावता आलेला नाही. मध्ययुगात हा चौकोन सुखरूप बाळंतपणासाठी आणि आगीपासून बचावासाठी वापरायचे.

इंग्लंडमधल्या अकराव्या शतकाच्या एका हस्तलिखितात शेत पिकत नसेल तर करायचा उपाय दिलाय. उजाडायच्या आत शेताच्या चारी बाजूंनी गवतासकट मातीचे चार तुकडे कापायचे, त्यांना तेल, मध, खमीर, दूध, पवित्र पाणी लावायचं, मग चर्चमधे नेऊन हिरवी बाजू वेदीकडे करून पाद्र्याने त्यांच्यावर चार मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी) म्हणायचे आणि सूर्य मावळायच्या आत तुकडे जागेवर बसवायचे. त्यातच पुढे 'एर्के, एर्के, एर्के' अशी धरणीमातेला हाक आहे. याला धर्म म्हणा की जादू, लिहिणाऱ्याला असा प्रश्न पडला असेल असं वाटत नाही.

चेटकिणींच्या बाबतीत आधी चर्चची भूमिका मवाळ होती. ९०६ च्या सुमाराचा 'कॅनन एपिस्कोपी' हा चर्चचा नियम सांगतो की डायना या रोमन देवीबरोबर रात्री जनावरांवर बसून दूरदूर जातो असं मानणाऱ्या बायका भ्रमात आहेत. १४८४ च्या, चेटूक खरं मानणाऱ्या पोपच्या फर्मानापर्यंत हे पार बदललेलं दिसतं. प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी नंतर कॅथलिकांचं पवित्र पाणी आणि मिस्सासुद्धा जादूतच काढली.

इथिओपियात दब्तरा म्हणजे चर्चशी जोडलेले पण पाद्री नसलेले लोक चामड्यावर प्रार्थना नि देवाची गुप्त नावं लिहून संरक्षक गुंडाळ्या करतात. तिथे क्रुसाच्या पाच खिळ्यांची नावं सादोर, अलादोर, दानात, अदेरा, रोदास अशी आहेत, म्हणजे साटोर चौकोनाचेच थोडे बदललेले शब्द. गुंडाळीची लांबी मात्र ती घेणाऱ्या माणसाच्या उंचीइतकी ठेवतात, डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग राखलं जावं म्हणून.