यू-बूट : लिनक्स नॅसमधील बूटलोडर आणि फर्मवेअर पुनर्प्राप्ती

यू-बूट हा छोट्या लिनक्स उपकरणांत सर्रास आढळणारा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूट प्रकल्पाला २००२ मध्ये हे नाव मिळाले. सीगेट डॉकस्टारसारख्या मार्वेल कर्कवुड चिपवरच्या नॅसमध्ये (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-पेटीत) वीज येताच आधी चिपमधला बूटरॉम हा कायमचा कोरलेला प्रोग्राम चालतो. तो नँड फ्लॅशमधून (बोर्डावरच्या कायम स्मृतीतून) यू-बूट रॅममध्ये आणतो आणि यू-बूट पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढवतो. यू-बूट डिस्कवर नसल्याने तो बिघडला, तर डिस्क बदलून काहीच साधत नाही.

उपकरण मेले असे ठरवण्याआधी सिरियल कन्सोल, म्हणजे तारेवाटे संगणकावर दिसणारे उपकरणाचे संदेश, पाहावा. ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घेऊन ग्राउंड, टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या तीनच तारा जोडाव्यात. टीएक्स समोरच्या आरएक्सला. व्हीसीसी (विजेची तार) मोकळीच ठेवावी. वेग ११५२०० बॉड, फ्लो कंट्रोल (पाठवण्याआधी समोरच्याच्या संकेताची वाट पाहणे) बंद. तो चालू राहिला तर अक्षरे दिसतात, पण कळा दाबून काही होत नाही, आणि दोष उगाच बोर्डाला लागतो.

यू-बूटचा प्रॉम्प्ट आला, तर बिघाड बहुधा कर्नल किंवा फाइल सिस्टिममध्ये आहे. टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल आणण्याची साधी पद्धत) किंवा पेनड्राइव्हवरून नवा कर्नल चढवता येतो. पडदा कोराच राहिला, तर केडब्ल्यूबूट हे सिरियल तारेवरून यू-बूट पाठवणारे साधन वापरावे. आधी संगणकावर आज्ञा सुरू करायची, मगच नॅसला वीज द्यायची, कारण बूटरॉम सिरियलवरच्या संकेताची वाट क्षणभरच पाहतो. संकेत जुळला की यू-बूट एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने रॅममध्ये येतो. ५१२ केबीच्या फाइलला साधारण मिनिटभर लागते. काही जुने बूटरॉम मात्र याला दाद देत नाहीत.

असा आलेला यू-बूट वीज जाताच नाहीसा होतो, म्हणून लगेच नँडवर लिहावा. त्याआधी खराब ब्लॉकांची यादी पाहावी. १२८ केबीच्या ब्लॉकांत ५१२ केबी म्हणजे पहिले ४ ब्लॉक. ते पुसून, लिहून, परत वाचून मूळ फाइलशी ताडावेत. मजकूर जुळेपर्यंत रीसेट करू नये: रॅममधला यू-बूट चालू आहे तोवर पुन्हा लिहिण्याची संधी असते.

एन्व्हायर्नमेंटचा (यू-बूटच्या जतन केलेल्या सेटिंगांचा) सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, चुकला, तर यू-बूट इशारा देऊन मूळ मूल्ये घेतो. त्यात कारखान्यात दिलेला मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची ओळख) नसतो. तो खोक्याच्या तळाच्या स्टिकरवरून 'ईथॲडर' या चलात भरून जतन करावा. एकाच घरात त्याच मूळ पत्त्याची दोन नॅस आली, की दोन्हींची जोडणी अधूनमधून तुटत राहते.