अंशलक्षी अर्थशास्त्र व विकास धोरण

गरीब अर्थव्यवस्थांतील कुटुंबे पेरणी, मजुरी, कर्ज व खर्च यांविषयीचे निर्णय कसे घेतात, हे तपासून त्या आधारे सार्वजनिक धोरणाची पारख करणारी अभ्यासशाखा. ‘अंशलक्षी अर्थशास्त्रा’ला ‘सूक्ष्म अर्थशास्त्र’ हा पर्यायही रूढ आहे.

या शाखेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो अलेक्झांडर चायानॉव्ह यांच्या १९२० च्या दशकातील रशियन शेतकरी कुटुंबांवरील लेखनापर्यंत मागे नेतात. इतरांच्या मते टी. डब्ल्यू. शुल्ट्झ यांचे १९६४ मधील प्रतिपादन, म्हणजे पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हाती असलेली साधने नेटकेपणाने वापरतो हा विचार, हाच खरा प्रारंभ होय. हॅरल्ड मान यांची पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी (१९१७) या दोहोंच्या आधीची; मात्र तिचे स्वरूप मुख्यतः वर्णनात्मक आहे. उत्पादक आणि उपभोक्ता एकाच घरात नांदतात, ही नंतरच्या प्रतिमानांना पायाभूत ठरलेली कल्पना चायानॉव्ह यांच्याकडे आढळत असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य दिसते.

या शाखेत सोलापूर जिल्ह्याला जे स्थान आहे, ते ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेने १९७५ पासून केलेल्या ग्रामपाहण्यांमुळे. शिरापूर (ता. मोहोळ) व कळमण (ता. उत्तर सोलापूर) या गावांतून प्रत्येकी ४० कुटुंबे, त्यांत १० शेतमजुरांची व ३० शेतकऱ्यांची, निवडण्यात आली. गावातच मुक्कामाला असलेला पाहणीदार दर तीन-चार आठवड्यांनी घरोघर जाऊन मजुरी, व्यवहार व खर्च टिपून घेई. शिरापूरची भारी काळी जमीन पावसाळ्यात चिखल होऊन औताला दाद देत नाही. त्यामुळे खरिपात ती पड ठेवून रब्बीत ज्वारी घेण्याची रीत होती. साहजिकच, वर्षाची बहुतेक भिस्त परतीच्या पावसाने मुरलेल्या ओलीवर राही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी ‘इक्रिसॅट’च्या पाहणीतील शिरापूर, औरेपल्ली व कंझारा या तीन गावांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, कुटुंबाचा उपभोग स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी उपभोगाबरोबर अधिक हलतो; म्हणजे उसनवार, नातेसंबंध इत्यादींमधून जोखीम बरीचशी वाटली जाते, जरी ती पूर्णतः वाटली जात नाही. मार्टिन रॅव्हालियन व शुभम चौधुरी यांनी १९९७ मध्ये उपभोगाच्या मोजणीतील दोषांवर बोट ठेवून, स्वतःच्या उत्पन्नाचा प्रभाव यापेक्षा जास्त असल्याचे दाखवले. वाद आकडेशास्त्रीय वाटला तरी धोरणाच्या दृष्टीने तो कळीचा आहे, कारण गावच विमा उतरवत असेल, तर सरकारी आधाराचे काम बदलते. आणि सगळ्या गावावर एकदम कोसळणारा दुष्काळ तर शेजाऱ्याच्या उसनवारीने भागत नाही. टाउनसेंड यांच्याच विश्लेषणात तीनपैकी एका गावातील भूमिहीन इतरांपेक्षा कमी सुरक्षित आढळले होते. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली व १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना अभ्यासकांनी पुढे याच चौकटीत तपासली.

या सर्व नोंदी कोरडवाहू खेड्यांच्या आहेत. सोलापूर शहरातील यंत्रमाग कामगार किंवा घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रिया त्यांच्या कक्षेत येत नाहीत.